जेद्दाचे बंदर, मुंबईची वाट
तांबड्या समुद्रातील इंग्रज-फ्रेंच चढाओढीचा आढावा

जेद्दाच्या जुन्या शहरात, अल-बलद भागात, नसीफ घराण्याचा वाडा आहे. १८७२ ते १८८१ या काळात बांधलेला. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या, खिडक्यांवर लाकडी जाळीचे सज्जे. त्यांना तिथे ‘रोशन’ म्हणतात. या वाड्याच्या दारात एक जुना कडुनिंब उभा आहे. जुन्या गावात एके काळी तेवढे एकच झाड होते असे सांगतात, म्हणून या वाड्याला लोक ‘झाडाचे घर’ म्हणत. कडुनिंब आपल्या अंगणातला. आसपासच्या घरांतले पुष्कळसे सागवानही हिंदुस्थान आणि जावाकडून गलबतांनी आलेले. २०१४ साली या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्या वारशात आपल्या किनाऱ्याचा वाटा किती मोठा आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैराचा विषय निघाला की आपल्याला पाँडिचेरी, डुप्ले आणि क्लाइव्ह आठवतात. श्रीरंगपट्टणचा टिपू आठवतो, महादजी शिंद्यांच्या कंपूंचा द बॉइन आणि त्याच्यामागून आलेला पेराँ आठवतो. म्हणजे आपण ते वैर जमिनीवर पाहतो. पण लंडन आणि पॅरिसहून हिंदुस्थानकडे येणारी एक आखूड वाट तांबड्या समुद्रातून होती, आणि त्या वाटेच्या मधोमध जेद्दा होते. १७७० च्या दशकापासून १९३३ पर्यंत दोन्ही सत्ता या बंदराभोवती फिरत राहिल्या. तोफा डागल्या, वकील नेमले, पत्रे पकडली, यात्रेकरू मोजले. तरी दोघांपैकी एकानेही तिथे आपले राज्य उभे केले नाही. असे का झाले, आणि या दीडशे वर्षांच्या ओढाताणीचा भार कोणी वाहिला, या दोन प्रश्नांसाठी हा आढावा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना मुंबईला यावे लागते, असे माझे म्हणणे आहे.

वाऱ्याने ठरवलेले बंदर

खलिफा उस्मान यांनी इ. स. ६४७ च्या सुमारास जेद्दाला मक्केचे बंदर ठरवले. पण त्याचे व्यापारी महत्त्व वाऱ्यामुळे वाढले. तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात वारा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. हिवाळ्यात दक्षिणेकडून वारे येतात आणि बाब-अल-मंदेब ओलांडून आलेल्या जहाजाला जेद्दापर्यंत पोचवतात. जेद्दाच्या पुढे मात्र जवळजवळ वर्षभर उत्तरेकडचा वारा तोंडावर असतो. सुरतेहून निघालेल्या मोठ्या, भरलेल्या तारवाला सुएझपर्यंत जाणे फार जिकिरीचे. म्हणून माल जेद्दाला उतरायचा आणि लहान, या पाण्याला सरावलेल्या गलबतांतून उत्तरेला जायचा. सुती कापड, मसाले आणि तांदूळ इकडून जात. बदल्यात चांदी येई आणि येमेनची कॉफी याच धक्क्यावरून इजिप्तकडे जाई. या उलाढालीवरची जकात ऑटोमन पाशा आणि मक्केचा शरीफ वाटून घेत.

ही जकात म्हणजे मक्केच्या राज्यकारभाराचा कणा होता. पोर्तुगीज आरमार १५१७ मध्ये जेद्दावर चालून आले आणि हात हलवत परतले. त्याच वर्षी इजिप्तबरोबर हिजाज, म्हणजे मक्का, मदिना आणि जेद्दाचा प्रांतही ऑटोमनांकडे गेला. पुढची अडीचशे वर्षे युरोपीय व्यापारी इथे आले ते जकात भरून, पाहुण्यासारखे. सुरतेच्या व्यापाऱ्यांचा इतिहास लिहिताना अशीन दास गुप्तांनी दाखवले आहे की मोखा-जेद्दाच्या वाटेवर भरभराट हिंदी जहाजमालकांची होती. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे मोगल बादशाहीचे जहाज लुटले, तेव्हा औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले. तेव्हाची इंग्रज कंपनी या पाण्यात अजून दुबळी होती.

टपालाची घाई

चित्र पालटले ते १७७० च्या दशकात. बंगालचा महसूल हाती आल्यावर इंग्रजांना लंडनहून बातमी आणि हुकूम लवकर मिळण्याची निकड भासू लागली. आफ्रिकेला वळसा घालून येणारे पत्र पाच-सहा महिने घेई. वॉरन हेस्टिंग्जने १७७५ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद बे अबू अल-दहब याच्याशी करार करून कंपनीच्या जहाजांसाठी सुएझ उघडून घेतले. यात जेद्दाचे नुकसान होते. जहाज सरळ सुएझला गेले तर जेद्दाला जकात कोण भरणार? शरीफाने इस्तंबूलला तक्रार केली आणि सुलतानाने फर्मान काढले की ख्रिस्ती जहाजांनी जेद्दाच्या उत्तरेला जायचे नाही. मक्केच्या पवित्र भूमीचे रक्षण हे त्यामागचे जाहीर कारण होते. जकात हे दुसरे कारण, आणि तेही तितकेच खरे.

तरी टपाल चोरवाटेने जातच राहिले, आणि त्याचा परिणाम थेट हिंदुस्थानात दिसला. १७७८ मध्ये युरोपात फ्रान्स-इंग्लंड युद्ध पेटले. कैरोतल्या जॉर्ज बाल्डविन याने ती बातमी सुएझमार्गे हिंदुस्थानला धाडली. इंग्रजांनी फ्रेंचांना सावध होऊ न देता पाँडिचेरीला वेढा घातला आणि ऑक्टोबरमध्ये ती घेतली.

याच वर्षांत पुण्यात काय चालले होते ते आठवावे. १७७७ मध्ये सँ लुबँ हा फ्रेंच वकील पेशवे दरबारी आला आणि नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. फ्रेंचांना कोकण किनाऱ्यावर एखादे बंदर मिळाले तर काय, या धास्तीने त्यांनी रघुनाथरावाचा पक्ष आणखी जोराने उचलला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरणागती पत्करली. नानांच्या राजकारणाचे आपल्याकडे खूप विवेचन झाले. पण त्यांनी खेळलेला फ्रेंच मोहरा समुद्रावरच्या टपालाशी बांधलेला होता. ज्याची बातमी आधी पोचते त्याची चाल आधी पडते, आणि टपालाच्या शर्यतीत इंग्रज पुढे गेले होते.

बोनापार्टचे पत्र

१ जुलै १७९८ रोजी बोनापार्ट इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला. महिन्याभरात नेल्सनने त्याचे आरमार नाईलच्या मुखाशी बुडवले, तरी फ्रेंच फौज कैरोत होती आणि डिसेंबरात बोनापार्ट स्वतः सुएझला गेला. आता मक्केच्या शरीफाला, म्हणजे गालिबला, फार नाजूक खेळ खेळायचा होता. मक्का-मदिनेचे धान्य इजिप्तमधून येई आणि जेद्दाची कॉफी इजिप्तमध्ये खपे. फ्रेंचांशी तोडले तर पोट बंद. दुसरीकडे समुद्र इंग्रजांच्या ताब्यात होता आणि सुलतानाने फ्रेंचांविरुद्ध युद्ध पुकारले होते. गालिबने दोन्ही बाजू सांभाळल्या. फ्रेंचांशी त्याचा गोड पत्रव्यवहार आणि व्यापार सुरू राहिला. त्याच वेळी हिजाजमधले स्वयंसेवक तांबडा समुद्र ओलांडून कुसैरला उतरले आणि वरच्या इजिप्तमध्ये फ्रेंचांशी लढले.

जानेवारी १७९९ मध्ये बोनापार्टने टिपूला पत्र लिहिले. मी तांबड्या समुद्रापर्यंत आलो आहे, इंग्रजांच्या जोखडातून तुम्हांला सोडवायचे आहे, बोलणी करायला विश्वासू माणूस पाठवा, असा त्याचा मथितार्थ. हे पत्र पुढे धाडण्यासाठी त्याने मक्केच्या शरीफाचाच आधार घेतला. ते टिपूपर्यंत पोचले नाही. जेद्दात कंपनीचा कॅप्टन विल्सन होता. त्याच्या हाती ते लागले आणि त्याने ते आपल्या वरिष्ठांकडे रवाना केले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला. पत्र वेळेवर पोचते तरी टिपू वाचला असता असे नाही, कारण इंग्रज फौज आधीच निघाली होती. पण फ्रेंच-टिपू संधानाचा पुरावा म्हणून गव्हर्नर जनरल वेलस्लीला ते पत्र चांगलेच उपयोगी पडले.

त्याच वर्षी मुंबईहून एक तुकडी बाब-अल-मंदेबच्या पेरिम बेटावर जाऊन बसली. बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नाही. काही महिन्यांत तिला ते सोडून एडनला जावे लागले. मग १८०१ मध्ये मोठी मोहीम निघाली. मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड एप्रिलमध्ये मुंबईहून निघाला आणि मेच्या मध्याला जेद्दाला पोचला. त्याच्याबरोबर गोऱ्या पलटणींखेरीज मुंबई आणि बंगालचे देशी शिपाई होते. मुंबईच्या पलटणींत त्या काळी उत्तर हिंदुस्थानी शिपायांबरोबर कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार आणि कुलाब्याकडचे बेने इस्रायल असत. जेद्दाहून ही फौज कुसैरला उतरली आणि जूनच्या उन्हात पखालींतले पाणी पुरवत नाईलकाठच्या केनापर्यंत वाळवंट तुडवत गेली. ती पोचेपर्यंत कैरोतल्या फ्रेंचांनी २७ जूनला तह केला होता. अलेक्झांड्रियाही सप्टेंबरच्या सुरुवातीला पडले. लढाई फारशी करावी लागली नाही. पण हिंदुस्थानच्या खर्चाने, हिंदुस्थानच्या शिपायांनिशी, हिंदुस्थानबाहेरचे युद्ध लढता येते हा धडा इंग्रजांनी इथे गिरवला आणि पुढे दीडशे वर्षे वापरला.

या मोहिमेशी महाराष्ट्राची एक गाठ आणखी आहे. बेअर्डचा दुय्यम म्हणून गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली जाणार होता. मुंबईत तो तापाने आजारी पडला आणि मागे राहिला. ज्या ‘सुझॅना’ जहाजाने तो जायचा होता ते तांबड्या समुद्रात बुडाले, एकही माणूस वाचला नाही. दोन वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हाच वेलस्ली जालन्याजवळ असईच्या रणात शिंदे-भोसल्यांसमोर उभा होता. त्या वेळी शिंद्यांच्या कंपूंवरचे युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहातच इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचे युरोपीय चाकरीत ठेवायचे नाहीत, असे कलम पेशव्याकडून लिहून घेतले होते. तांबडा समुद्र आणि दख्खन या तेव्हा एकाच भीतीच्या दोन बाजू होत्या.

कोळसा आणि एडन

नेपोलियन गेला, पण फ्रेंचांची सावली इजिप्तवर राहिली. तिथला सत्ताधारी मुहम्मद अली पाशा याने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मदतीने नवी फौज उभारली. हिजाज बळकावलेल्या वहाबींना हटवण्यासाठी त्याने त्याआधीच, १८१३ मध्ये, जेद्दा आणि मक्का घेतली, आणि १८४० पर्यंत हिजाज त्याच्याकडे होता. १८१४ मध्ये बुर्कहार्ट हा प्रवासी जेद्दाला आला. त्याने बाजाराचे वर्णन दुकानागणिक लिहून ठेवले. त्या बाजारात हिंदी माल भरलेला होता.

मग आली वाफेची जहाजे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि एडन, जेद्दा, कुसैर असे थांबे घेत २२ एप्रिलला सुएझला पोचली. ज्या उत्तरेच्या वाऱ्याने जेद्दाचे नशीब घडवले होते, तो आता यंत्राला अडवू शकत नव्हता. मात्र बोट कोळसा खाई, आणि तो वाटेत आधीच नेऊन ठेवावा लागे. जेद्दा हे असे कोळशाचे ठिकाण झाले. त्याच काळात मुंबईच्या आरमाराने ‘पॅलिन्युरस’ आणि ‘बनारस’ या जहाजांतून तांबड्या समुद्राची मोजणी केली. जेद्दाच्या उत्तरेचा भाग मोर्सबीने आणि दक्षिणेचा एल्वनने. प्रवाळांच्या खडकांतून वाट काढणारे ते नकाशे मुंबई सरकारच्या पैशाने झाले.

कोळशाला कायमची जागा हवी होती. निमित्त मिळाले तेही जेद्दाच्याच वाटेवर. १८३७ मध्ये ‘दर्या दौलत’ हे यात्रेकरू आणि माल घेऊन जेद्दाकडे निघालेले जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. भरपाईची मागणी, जागेची मागणी, नकार, आणि मग १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्सने मुंबईच्या पलटणी उतरवून एडन घेतले. मुहम्मद अली येमेनकडे सरकत होता आणि त्याच्यामागे फ्रान्स आहे असे इंग्रजांना वाटत होते, हे खरे कारण. एडनचा कारभार पुढे १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालला. त्याच एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वासुदेव बळवंत फडके यांनी प्राण सोडला. फ्रेंचांना अडवण्यासाठी घेतलेले ठाणे मराठी क्रांतिकारकाला डांबण्याच्या कामी आले.

१५ जून १८५८

१८३० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही देशांचे कॉन्सल जेद्दात नांदू लागले. फ्रेंच कॉन्सल फुल्जाँस फ्रेस्नेल विद्वान होता. दक्षिण अरबस्तानच्या प्राचीन शिलालेखांचा अभ्यास त्याने पुढे नेला. इंग्रज कॉन्सलचे मुख्य काम व्यापार आणि हिंदी प्रजेची राखण. प्रजा कोणाची, हाच पुढे कळीचा प्रश्न झाला. जेद्दात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा हिंदी मुसलमान व्यापारी सुलतानाचा की राणीचा? सोयीप्रमाणे तो दोन्हीकडचा होई, आणि दोन्ही सरकारे त्याच्यावर हक्क सांगत.

१८५८ च्या जूनमध्ये ‘इराणी’ नावाच्या, हिंदी घराण्याच्या मालकीच्या जहाजावर कोणता झेंडा लावायचा यावरून वाद पेटला. ऑटोमन झेंडा उतरवून इंग्रज झेंडा चढवला गेला. १५ जूनला जमावाने इंग्रज उपकॉन्सल पेज, फ्रेंच कॉन्सल एव्हेयार आणि त्याची पत्नी यांच्यासह वीसएक जणांना ठार केले. जुलैअखेर ‘सायक्लोप्स’ या इंग्रज युद्धनौकेने गावावर तोफा डागल्या. पुढे अनेकांचे जाहीर शिरच्छेद झाले आणि इंग्रज-फ्रेंच प्रतिनिधींनी मिळून चौकशी केली.

ही घटना नीट पाहावी. झेंड्याचा वाद, व्यापारातली तेढ, गुलामांच्या व्यापारावर आलेली बंदी, अशी स्थानिक कारणे होतीच. पण १८५७ चा उठाव चिरडला जात असल्याच्या बातम्या आणि त्यातून निसटलेली माणसे हिजाजला पोचत होती. उठावानंतर परागंदा झालेले रहमतुल्ला कैरानवी मक्केत स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी सौलतिया मदरसा काढला. जेद्दाच्या रस्त्यावर इंग्रज आणि फ्रेंच असा फरक कोणी केला नाही. आणि त्या दिवसानंतर दोन प्रतिस्पर्धीही एकमेकांना चिकटले. आपली माणसे मेली की त्यांचे वैर मागे पडे, हे इथे उघड दिसले.

कालवा, पटकी आणि हज

फ्रेंच अभियंत्यांनी आणि भांडवलाने खणलेला सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला. इंग्रज सरकारने तो होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली होती. १८५७ मध्ये पेरिम पुन्हा व्यापले होते. फ्रान्सने १८६२ मध्ये समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावर ओबोक विकत घेतले आणि पुढे जिबुती वसवले. कालवा झाल्यावर सर्वांत जास्त जहाजे इंग्रजांची जाऊ लागली. १८७५ मध्ये इंग्रज पंतप्रधान डिझरायलीने इजिप्तच्या खेदिवचे कालव्यातले ४४ टक्के भाग चाळीस लाख पौंडांना घेतले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज इजिप्तमध्ये शिरली. फ्रान्सने हा सल २२ वर्षे मनात ठेवला.

या काळात जेद्दातली चढाओढ वेगळ्याच शस्त्राने चालली. १८६५ च्या हजमध्ये पटकीने हजारो यात्रेकरू मेले आणि साथ युरोपात पसरली. फ्रान्सच्या पुढाकाराने १८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पटकीचे मूळ हिंदुस्थानात आहे आणि ती यात्रेकरूंबरोबर प्रवास करते, असा तिचा निष्कर्ष. विलगीकरणाने आपला व्यापार आणि जहाजे अडतील म्हणून इंग्रजांनी तो बराच काळ झिडकारला. वैद्यकशास्त्र फ्रेंचांच्या बाजूने होते, पण हेतू दोघांचेही निव्वळ आरोग्याचे नव्हते. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना दिवसचे दिवस रोखले जाई, आणि त्याचे पैसे त्यांच्याकडूनच वसूल होत.

सिंगापूरहून यात्रेकरू घेऊन निघालेले ‘जेद्दा’ नावाचे जहाज १८८० मध्ये वादळात सापडले, तेव्हा कप्तान आणि अधिकारी साडेनऊशेच्या आसपास माणसांना बुडायला सोडून पळाले. दुसऱ्या जहाजाने यात्रेकरूंसह ते एडनला ओढत आणले. जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ कादंबरीचे बीज या घटनेत आहे.

हिंदी यात्रेकरूंसाठी या साऱ्या यंत्रणेत मनापासून झटणारा माणूस म्हणून डॉ. अब्दुर रझ्झाक यांचे नाव घ्यावे लागते. ते जेद्दात इंग्रजांचे उपकॉन्सल होते. ३० मे १८९५ रोजी जेद्दाच्या वेशीबाहेर झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले. सोबतचे इंग्रज, रशियन आणि फ्रेंच अधिकारी जखमी झाले.

या सर्व काळात यात्रेकरूंचे मुख्य बंदर मुंबई होते. १८७७ मध्ये स्थापन झालेली कंपनी, जी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली, तिच्या बोटी मुंबई-जेद्दा फेऱ्या करत. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग असताना यात्रेवर बंदी आली. रत्नागिरी-कुलाब्याचा कोकणी मुसलमान, विदर्भ-मराठवाड्याचा शेतकरी, सारे मुंबईच्या धक्क्यावर तिकिटाची वाट पाहत. समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू होती.

दोस्ती झाल्यावर

८ एप्रिल १९०४ रोजी दोन्ही देशांनी समझोता केला: इजिप्त इंग्रजांचे, मोरोक्को फ्रेंचांचे. वसाहतीतल्या माणसाला या समेटाचा अर्थ काय, ते मराठी वाचकाला सावरकरांच्या उदाहरणातून कळते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली आणि फ्रेंच भूमी गाठली. फ्रेंच शिपायाने त्यांना धरून परत इंग्रजांच्या स्वाधीन केले. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. परत पाठवण्याचे बंधन इंग्रजांवर नाही, असा निकाल २४ फेब्रुवारी १९११ रोजी लागला. तोवर त्यांना सुएझ आणि तांबड्या समुद्रातून मुंबईला आणून शिक्षाही झाली होती. नानांना सँ लुबँचा आणि टिपूला बोनापार्टचा निदान भरवसा वाटू शकत होता. १९१० मध्ये दोन साम्राज्यांच्या मधली ती फट बुजली होती.

तरी जेद्दात ती एकदा पुन्हा उघडली. जून १९१६ मध्ये शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध बंड केले आणि १६ जूनला जेद्दा पडले. समुद्रातून मारा करणाऱ्या नौकांत रॉयल इंडियन मरीनची ‘हार्डिंज’ होती. याच ताफ्यातली ‘डफरिन’ पुढे १९२७ पासून मुंबईत नाविक शिक्षणाचे जहाज झाली आणि दर्यावर्दींच्या अनेक पिढ्या तिच्यावर घडल्या. सप्टेंबरात फ्रेंच कर्नल ब्रेमाँ जेद्दात ठाण मांडून बसला. फ्रेंचांनी अल्जीरियाचे सी कद्दूर बेनगब्रित यांच्या नेतृत्वाखाली यात्रेकरूंचे शिष्टमंडळही पाठवले: आम्हीही मुसलमान प्रजेचे राज्यकर्ते आहोत, हे दाखवायला. ऑक्टोबरात इंग्रज अधिकारी लॉरेन्स जेद्दाला उतरला. दोस्तांच्या फौजा जेद्दाच्या उत्तरेकडच्या राबिघला उतरवाव्यात असा ब्रेमाँचा आग्रह; लॉरेन्सचा विरोध. हिंदुस्थान सरकारनेही बजावले की ख्रिस्ती सैनिकांनी हिजाजच्या मातीवर पाय ठेवला तर हिंदी मुसलमान पेटतील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. जेद्दा कोणी गिळले नाही, कारण दोघांच्याही पदरी कोट्यवधी मुसलमान प्रजा होती. ज्या यात्रेकरूंवर नजर ठेवण्यासाठी ते जेद्दात आले, त्याच यात्रेकरूंनी त्यांचे हात बांधले. गालिबपासून हुसेनपर्यंतच्या शरीफांना ही गोष्ट कळत होती आणि ते तिच्यावर विसंबून खेळत होते.

हुसेनला मात्र खेळ जड गेला. मे १९१७ मध्ये इंग्रज मुत्सद्दी साइक्स आणि फ्रेंच मुत्सद्दी पिको खुद्द जेद्दाला आले. आदल्या वर्षी त्यांनी अरब मुलूख आपसांत वाटून घेतला होता, आणि हुसेनला त्यातले पुरते काहीच समजू दिले नाही. १९२० मध्ये फ्रेंचांनी त्याच्या मुलाला, फैसलला, दमास्कसमधून हाकलले. १९२४ मध्ये हुसेनने गादी सोडली, डिसेंबर १९२५ मध्ये जेद्दा त्याचा अरबस्तानातला प्रतिस्पर्धी इब्न सौद याच्या हाती आले आणि २० मे १९२७ च्या जेद्दाच्या तहाने इंग्रजांनी त्याचे स्वातंत्र्य मान्य केले. शेवटचा अंक २९ मे १९३३ चा. सौदी तेलाचा करार जेद्दात झाला तेव्हा इराक पेट्रोलियम कंपनीत इंग्रज आणि फ्रेंच भांडवल शेजारी शेजारी बसले होते. दोघांनी मिळून बोली लावली आणि अमेरिकन कंपनीने ती जिंकली.

काय उरते

या विषयावरचे लेखन तीन टप्प्यांतून गेले. १९२८ मध्ये हॉस्किन्सने हिंदुस्थानच्या वाटांचा जो इतिहास लिहिला, त्यात मुत्सद्दी, टपाल आणि आगबोटी आहेत. जेद्दा केवळ थांबा आहे. मग दास गुप्तांसारख्यांनी हिंदी व्यापारी पुढे आणला. अलीकडे जॉन स्लाइट, मायकेल क्रिस्टोफर लो आणि उल्रिके फ्रायटाग यांनी यात्रेकरू, साथी आणि खुद्द जेद्दाची वस्ती केंद्रस्थानी घेतली. ही दिशा मला योग्य वाटते. पण भार कोणी वाहिला, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिथे सापडते ती मुंबई अजून या चित्रात कडेला आहे. मोजणीची जहाजे, एडनच्या पलटणी, पखाली, यात्रेकरूंच्या बोटी, बंडातली युद्धनौका हे सारे जिथून निघाले त्या शहराच्या नजरेने हा इतिहास लिहिलेला नाही.

त्याची साधने आपल्या हाताशी आहेत. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे जुने कागद काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. पेशवे दप्तर पुण्यात आहे. मोडी वाचणारे आहेत, फारसी जाणणारे थोडे आहेत. अरबी, तुर्की आणि फ्रेंच शिकून या दप्तरांना जेद्दाशी जोडणारी तरुण मराठी माणसे हवी आहेत. महाराष्ट्रातून पोटासाठी जेद्दाला गेलेली कुटुंबे आज त्या शहरात आहेत. त्यांच्यातले कोणी सुटीच्या दिवशी मुलांना अल-बलदमध्ये नेईल आणि नसीफ वाड्याच्या दारातला कडुनिंब दाखवील. ते मूल विचारील की हे झाड इथे कोणी आणले. त्या प्रश्नाचे उत्तर देणारे पुस्तक मराठीत असायला हवे.